हिरकणीचा खण

७१०५. हा एसटीच्या गाडीचा नंबर नाही की लॉटरीचा नाही. जगातल्या दोनशेहून अधिक देशांत आणि प्रदेशांत कस्टमच्या कचेरीत हा आकडा उच्चारला, की त्याचा एकच अर्थ होतो : मौल्यवान आणि अर्धमौल्यवान खड्यांची पूड, मग खडा नैसर्गिक असो वा कृत्रिम. त्याच्या पोटात फक्त दोन ओळी. ७१०५१० म्हणजे हिऱ्याची पूड आणि ७१०५९० म्हणजे बाकी सगळ्यांची. आपल्याकडे पुढे आणखी दोन शून्यं लावून आठ आकडे पुरे करतात.

माझा एक भाचा मुंबईत क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत आहे. जुनी झालेली टॅरिफची पुस्तकं तो रद्दीत घालण्याऐवजी मला आणून देतो. "मामा, हे कोण वाचतं?" असं दर वेळी विचारतो आणि तरी आणतो. मंडळी, मी खरंच वाचतो. जन्मभर इतिहास शिकवला, तेव्हा सनावळ्यांपेक्षा याद्या जास्त बोलतात हे मनावर ठसलं आहे. माणसांनी कशाला काय म्हणायचं ठरवलं, कशाला वेगळा खण दिला आणि कशाला 'इतर' म्हणून कोपऱ्यात टाकलं, हे यादीत लख्ख दिसतं.

टॅरिफचं ७१वं प्रकरण हे सराफाचं कपाट आहे. पहिला खण मोत्यांचा, दुसरा हिऱ्यांचा, तिसरा माणिक, पाचू, नीलम आणि त्यांच्या भाऊबंदांचा, चौथा कारखान्यात बनलेल्या खड्यांचा. पाचवा पुडीचा. त्यानंतर चांदी, सोनं, प्लॅटिनम. मला कुतूहल वाटलं ते या पाचव्या खणाचं. साखर खडीसाखर असो की दळलेली, ती साखरेच्याच प्रकरणात राहते. इथेही पूड खड्यांच्याच प्रकरणात राहते खरी, पण तिला खड्याच्या खणात जागा नाही. हिरा दळला की तो हिऱ्याच्या खणातून उठतो. हे का, आणि याने कोणाचं काय बिघडतं?

आधी माणकाचं पाहू. माणिक, नीलम आणि आपला कुरुंद ही रसायनाच्या दृष्टीने एकाच घरची भावंडं, तिन्ही अॅल्युमिनियम ऑक्साइड. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्दही मूळ आपल्याच देशातला, कुरुंदाचाच. पण टॅरिफमध्ये माणिक ७१०३ मध्ये बसतं आणि धार लावायचा नैसर्गिक कुरुंद २५१३ मध्ये, म्हणजे मीठ, गंधक, माती आणि दगडांच्या प्रकरणात. भट्टीत बनवलेला कृत्रिम कुरुंद २८१८ मध्ये, रसायनांच्या रांगेत. तीच पूड कागदाला चिकटवून सुताराचा पॉलिश पेपर झाला की ६८०५. वस्तू एक आणि पत्ते चार. तामड्याचंही तसंच. अंगठीतला तामडा रत्नांत, आणि घासकामासाठी पोत्यांनी निघणारा तामडा कुरुंदाशेजारी २५१३ मध्ये.

हिरा तर शेवटी कोळसाच. लाव्हाझिएने १७७२ च्या सुमारास भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरा जाळून दाखवला, आणि १७९७ मध्ये स्मिथसन टेनंटने तो निव्वळ कार्बन असल्याचं सिद्ध केलं. मुलांच्या पेन्सिलीत असतं ते ग्रॅफाइटही कार्बनच, पण नैसर्गिक ग्रॅफाइट २५०४ मध्ये पडतं. कस्टमचा अधिकारी रसायनशास्त्राला मान देतो, पण त्याच्यावर थांबत नाही. वस्तू कुठल्या रूपात समोर आली आणि कशाला वापरली जाते हे तो पाहतो.

औषधाची गंमत आणखी वेगळी. आयुर्वेदात हीरक भस्म आहे, माणिक्य भस्म आहे, मोत्याची आणि पोवळ्याची पिष्टी आहे. आमच्या आईच्या कपाटात प्रवाळ पिष्टीची बाटली कायम असे. आता, मोती आणि पोवळं हे टॅरिफच्या भाषेत 'खडे' नव्हेतच. मोती ७१०१ मध्ये आणि कच्चं पोवळं थेट ०५०८ मध्ये, शंख-शिंपल्यांबरोबर, प्राणिज पदार्थांत. तेव्हा त्यांची पूड ७१०५ मध्ये जाऊच शकत नाही. आणि औषध म्हणून तयार झालेलं भस्म ३०व्या प्रकरणात जातं, तिथे आपल्या टॅरिफमध्ये आयुर्वेदाची स्वतंत्र ओळ आहे. नवग्रहांच्या अंगठीतले नऊच्या नऊ खडे सोनार एका डबीत ठेवतो. कस्टमवाला ठेवत नाही.

रत्नांचा कर ठरवणं हे नेहमीच डोकेदुखीचं काम होतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षाचं प्रकरण आहे. बहुतेक मालावर किमतीचा अमुक हिस्सा असा सरळ हिशेब, पण शंख, हिरे, रत्नं, मोती, पोवळी यांच्यापाशी आल्यावर तो थबकतो आणि सांगतो की यांचं शुल्क त्या विषयातल्या जाणकारांकडून ठरवून घ्यावं. म्हणजे साध्या अधिकाऱ्याला हे कळणार नाही, हे दोन हजार वर्षांपूर्वी कबूल केलेलं आहे. आणि हे अख्ख्या खड्याबद्दल. खड्याला निदान रंग आहे, पाणी आहे, पैलू आहेत. पुडीला यातलं काहीच उरत नाही. चिमूटभर करडी धूळ. ही हिऱ्याची की गारगोटीची, हे नुसत्या डोळ्यांना कसं कळणार?

या प्रश्नावर एका माणसाचा जीव टांगणीला लागला होता. फ्लॉरेन्सचा प्रसिद्ध सोनार आणि शिल्पकार बेनवेनुतो चेल्लिनी १५३८ साली रोमच्या सांत-आंजेलो किल्ल्यात कैदेत पडला. आपल्या आत्मचरित्रात तो सांगतो, की त्याला मारण्यासाठी जेवणात हिऱ्याची पूड घालायचा बेत झाला. जेवताना दाताखाली कचकच लागली. ताटात पाहतो तो बारीक चमकते कण. आता आपण संपलो, असं त्याला वाटलं. पण सोनारच तो! एक कण त्याने खिडकीच्या दगडावर ठेवला आणि सुरीच्या टोकाने दाबला. कण चुरडला. हिरा असता तर असा सहज चुरडला नसता. झालं होतं असं, की पूड करायला दिलेला खरा हिरा त्या कारागिराने खिशात घातला आणि त्याच्याऐवजी कुठलासा स्वस्त हिरवट खडा कुटून दिला. कारागिराच्या लबाडीने चेल्लिनी वाचला, निदान त्याची तरी तशी खात्री होती. (चेल्लिनी स्वतःबद्दल लिहिताना हात आखडता घेणाऱ्यांतला नव्हता, हे ध्यानात ठेवावं.) कागदावर एक माल आणि पुडीत दुसरा, असा प्रकार रत्नांच्या पुडीबाबत याहून जुना माझ्या तरी वाचनात नाही.

हिरकणी खाऊन जीव दिल्याच्या गोष्टी आपल्याकडेही पुष्कळ. जुन्या कादंबऱ्यांतल्या मानी राण्यांच्या अंगठीत हिरकणी तयारच असायची. या समजुतीवर पहिला जोरदार घाव पडला तो गोव्यात. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि तिथेच राहिला. (मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं.) १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या त्याच्या औषधींवरच्या संवादग्रंथात हिऱ्यावर एक संवाद आहे. हिरा विषारी असतो हे तो मानत नाही. त्याचा युक्तिवाद शिक्षकाला आवडावा असा : खाणीतले मजूर चोरी लपवायला हिरे गिळतात आणि त्यांना काही होत नाही. पुस्तकात काय लिहिलंय यापेक्षा डोळ्यांसमोर काय घडतंय ते पाहा, असं सांगणारा हा माणूस. त्याच्या मृत्यूनंतर, १५८० मध्ये, तो ज्यू होता या आरोपावरून इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली. असो. विषय तो नाही, पण गोव्याचं नाव आलं की हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

पुडीची खरी किंमत जोखली ती कारागिरांनी. हिऱ्याला घासणारं जगात दुसरं काही नाही. त्याला घासायला हिऱ्याचीच पूड लागते. यामागचं कारण मोठं सुंदर आहे. हिरा सगळ्या दिशांनी सारखा कठीण नसतो. पुडीतले असंख्य कण वाटेल तसे पडलेले असतात, तेव्हा त्यांतल्या काहींची सर्वांत कठीण बाजू नेमकी समोर येते आणि समोरच्या हिऱ्याच्या मऊ दिशेला खाते. सतराव्या शतकात ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिरा विजापूरच्या राज्यातल्या राओलकोंड्याच्या खाणीवर गेला होता. तिथले कारागीर पोलादी सराणीवर एका वेळी एकच हिरा धरतात, तेल घालतात आणि महाग असूनही हिऱ्याची पूड सढळ हाताने वापरतात, असं त्याने नोंदवून ठेवलं आहे. 'महाग असूनही' हे मला महत्त्वाचं वाटतं. तिथे पूड म्हणजे झाडून टाकायचा कचरा नव्हता. ते हत्यार होतं.

हा फरक याद्यांत यायला मात्र फार काळ लागला. एकोणिसाव्या शतकापर्यंत प्रत्येक देशाची जकातीची यादी वेगळी, कुठे वर्णानुक्रमे तर कुठे मनाला येईल तशी. व्यापाराचे आकडे एकमेकांशी जुळेनात. ३१ डिसेंबर १९१३ रोजी ब्रुसेल्समध्ये देशांनी एक समान यादी मान्य केली. जगातला सगळा व्यापारी माल पाच गटांत आणि १८६ ओळींत! सात महिन्यांत पहिलं महायुद्ध पेटलं. पुढे राष्ट्रसंघाने जिनिव्हाला १९३७ मध्ये मोठा मसुदा तयार केला आणि दोन वर्षांत दुसरं महायुद्ध आलं. याद्या करणाऱ्यांचं नशीबच तसं.

पण हिऱ्याच्या पुडीचं भाग्य त्या दुसऱ्या युद्धाने उघडलं. टंगस्टन कार्बाइड नावाचा अतिकठीण धातुमिश्रणाचा प्रकार १९२०च्या दशकात जर्मनीत क्रुप कंपनीने बाजारात आणला. पोलाद कापायला तो अप्रतिम, पण त्याच्या हत्यारांना धार लावायची कशाने? हिऱ्याच्या पुडीच्या चाकाने. विमानांची इंजिनं, तोफांचे भाग, सगळं त्या हत्यारांवर अवलंबून. पूर्वी 'बोर्ट' म्हणजे दागिन्याला निरुपयोगी असा काळपट, डागाळलेला हिरा, कुटण्यापुरता. तोच आता युद्धसामग्री झाला. तो मुख्यतः बेल्जियन काँगोच्या खाणींतून येई. सौंदर्यासाठी ज्याला कोणी हात लावला नसता त्या खड्यासाठी सरकारं साठे करू लागली. म्हणूनच तो कृत्रिमरीत्या बनवायची धडपड वाढली. स्वीडनच्या आसेआ कंपनीने १९५३ च्या फेब्रुवारीत तो बनवला, पण वाच्यता केली नाही. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या ट्रेसी हॉलला १९५४ च्या डिसेंबरात यश आलं आणि १९५५ मध्ये जगाला कळलं. ते पहिले कृत्रिम हिरे अंगठीत घालण्याजोगे नव्हतेच, वाळूसारखे कण होते ते. म्हणजे माणसाने हिरा बनवला तो मुळात पुडीसाठी.

दरम्यान १५ डिसेंबर १९५० रोजी पुन्हा ब्रुसेल्समध्येच नव्या नामावलीचा करार झाला. ती १९५९ मध्ये अमलात आली. तिच्यात पुडीला स्वतःचा खण मिळाला, ७१.०४. आपल्याकडे १९३४ चा टॅरिफ कायदा जाऊन १९७५ चा आला, तो याच नामावलीच्या धाटणीवर. मग १४ जून १९८३ रोजी आजची सहा आकडी एकसूत्री पद्धत ठरली. ती जगभर १ जानेवारी १९८८ पासून लागू झाली. भारताने मात्र २८ फेब्रुवारी १९८६ पासूनच आपलं टॅरिफ तिच्याप्रमाणे करून घेतलं होतं. (सरकारी काम वेळेआधी झाल्याचं उदाहरण म्हणून भाच्यांनी लिहून ठेवावं.) या नव्या कपाटात हिऱ्याला इतर रत्नांपासून वेगळा खण दिला, त्यामुळे मागचे सगळे एकेक घर पुढे सरकले. ७१.०४ ची पूड ७१०५ झाली. एवढाच तिचा बदल. नैसर्गिक आणि कृत्रिम दोन्ही त्याच डबीत राहिल्या.

आता बिघडतं काय, ते सांगतो. अंगोला, सिएरा लिओन, काँगो इथल्या यादवी युद्धांत हिरे विकून बंदुका घेतल्या जात होत्या. त्याला आळा घालायला १ जानेवारी २००३ पासून 'किम्बर्ली प्रोसेस' सुरू झाली. कच्चा हिरा सरहद्द ओलांडताना त्याच्याबरोबर सरकारी दाखला हवा. भारत त्यात आहे. पण 'कच्चा हिरा' म्हणजे काय? करारात व्याख्या आहे ती कस्टमच्या आकड्यांनीच : ७१०२१०, ७१०२२१ आणि ७१०२३१. बस. ७१०५ त्यात नाही. म्हणजे कुटण्याचा बोर्ट काँगोतून निघाला तर त्याला दाखला लागतो, आणि तोच तिथल्या तिथे कुटून पूड म्हणून निघाला तर लागत नाही. खलबत्त्याच्या काठाशी कायदा थांबतो.

याचा व्यवहारी बचाव मला कळतो. बंदुकांना पैसा पुरवतो तो दागिन्याचा हिरा, आणि मोठ्या मोलाचा हिरा कुटून कोण मातीमोल करील? शिवाय आज उद्योगात लागणारी बहुतेक पूड कारखान्यातलीच असते. तिला खाणीचा दाखला मागणं हास्यास्पद होईल आणि दोन्ही पुडी एकाच खणात असताना यादी पाहून निवड करता येणार नाही. हे सगळं मान्य. तरीही बोर्ट खणणारा मजूर आणि दागिन्याचा हिरा खणणारा मजूर पुष्कळदा एकाच खड्ड्यात उभे असतात. काँगोचं उत्पादन तर बव्हंशी औद्योगिक दर्जाचंच. त्या माणसाच्या श्रमाची नोंद खड्याबरोबर जगभर फिरते आणि पुडीबरोबर पुसली जाते, हे इतिहासाच्या शिक्षकाला खटकतंच. दाखला न मागितला तरी निदान नैसर्गिक आणि कृत्रिम अशा दोन ओळी करायला काय हरकत होती? पुडीचा उगम सांगणं व्यापाऱ्याला अवघड नाही.

बरं, असे वेगळे खण करता येत नाहीत असंही नाही. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांचा दागिन्यांत बोलबाला झाला तेव्हा २०२२ च्या आवृत्तीत कृत्रिम खड्यांच्या ७१०४ मध्ये हिऱ्यासाठी स्वतंत्र ओळी काढल्या, ७१०४२१ आणि ७१०४९१. सुरतेच्या आणि मुंबईच्या बाजाराला त्यांची गरजच होती. अंगठीत बसणाऱ्याचा उगम गिऱ्हाईक विचारतं, म्हणून तो वेगळा झाला. सराणीवरच्या चिमटीचा उगम कोणी विचारत नाही. ७१०५१० जशी होती तशीच.

ज्यांना तिची खरी किंमत ठाऊक आहे ते मात्र तिच्याकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहतात. कृत्रिम हिऱ्याच्या पुडीत आज चीन सर्वांत पुढे आहे, आणि ही पूड आता संगणकाच्या चिप्ससाठी लागणाऱ्या चकत्या कापायला, घासायला लागते. ९ ऑक्टोबर २०२५ रोजी चीनने तिच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन जाहीर केलं. ७ नोव्हेंबरला, म्हणजे ते लागू होण्याच्या आदल्या दिवशी, ते १० नोव्हेंबर २०२६ पर्यंत स्थगित केलं. त्या जाहीरनाम्यात कॅरटचा उल्लेख नव्हता, रंगाचा किंवा पाण्याचाही नव्हता. त्यात कणांचं सरासरी आकारमान दिलं होतं : पन्नास मायक्रॉन आणि त्याहून बारीक.